रिपोर्टवर ‘निगेटिव्ह’, मग गोळ्या काहून?

प्रश्न : सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. लघवीला जळजळ आणि थंडी वाजून ताप, म्हणून डॉक्टरांनी लघवीचं कल्चर (जंतू वाढवून पाहायची तपासणी) करायला सांगितलं. रिपोर्टमध्ये ‘ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय, ई. कोलाय, एक लाखाहून जास्त’ असं आलं. त्या म्हणतात, “निगेटिव्ह आलं ना, मग गोळ्या काहून घेऊ?” ताई, त्यांना कसं समजावू?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : आधी त्यांना गोळ्या घ्यायला लावा, बाकीचं मग वाचून दाखवा. कोरोनापासून ‘निगेटिव्ह’ म्हणजे सुटलो असं आपल्या डोक्यात बसलंय. इथला निगेटिव्ह नुसता रंगाचा आहे. जंतू आहेत, आणि भरपूर आहेत.

नागपुरातच ३१ वर्षं मी लॅबमध्ये हे रंगकाम केलं. काचपट्टीवर नमुन्याचा थेंब पसरायचा, वाळला की ज्योतीवरून झरकन फिरवायचा. मग क्रिस्टल व्हायोलेट, मिनिटभराने आयोडीन. इथवर सगळेच जंतू जांभळे, जांभळं खाल्लेल्या जिभेसारखे. कसोटी पुढे असते. पट्टी तिरकी धरून अल्कोहोलचे थेंब सोडायचे. जाड भिंतीचे जंतू रंग धरून ठेवतात, ते ग्रॅम पॉझिटिव्ह. पातळ भिंतीचे सोडून देतात आणि शेवटच्या सॅफ्रेनिनने गुलाबी होतात, ते ग्रॅम निगेटिव्ह. हान्स ख्रिश्चन ग्रॅम या डॅनिश डॉक्टरांनी १८८४ मध्ये ही रीत प्रसिद्ध केली. सगळा खेळ काही सेकंदांचा. नवखी असताना मी अल्कोहोल सोडता सोडता शेजारणीशी गप्पा मारत राहिले आणि चांगले जांभळे जंतू गुलाबी करून ठेवले. सरांनी डोळा लावून पाहिलं आणि काही न बोलता नवी पट्टी माझ्यापुढे सरकवली.

दुसरा शब्द आकाराचा : बॅसिलाय म्हणजे काडीसारखे, कोकाय म्हणजे गोल. (टीबीचा जंतूही काडीसारखाच, पण त्याच्या मेणचट भिंतीत हा रंग नीट शिरत नाही. त्याची तपासणी वेगळी.)

ई. कोलाय तसा आपल्या आतड्यातला रहिवासी. तिथे सहसा त्रास देत नाही. मूत्रमार्गात शिरला की अंगावरच्या बारीक तंतूंनी मूत्राशयाच्या अस्तराला चिकटून बसतो, लघवीबरोबर वाहून जात नाही. तिथे सूज येते, तीच जळजळ. त्याच्या पातळ भिंतीवर आणखी एक आवरण असतं आणि त्यात एंडोटॉक्सिन. जंतू फुटला की हे विष मोकळं होतं आणि शरीराची संरक्षण यंत्रणा खवळते, थंडीताप त्यातूनच. रक्तात पसरलं तर बीपी कोसळतं. हेच आवरण काही अँटिबायोटिक्सना आत शिरू देत नाही, म्हणून कुठली गोळी चालेल हे रिपोर्टच्या खालच्या तक्त्यावरून ठरतं. शेजाऱ्यांच्या डब्यातली उरलेली गोळी चालत नाही.

पॉझिटिव्हवाल्यांनाही गरीब समजू नका. आमच्याकडे एका बारशाला बसुंदी खाऊन तीन तासांत घरभर उलट्या सुरू झाल्या. आचारी म्हणे, “वाढायच्या आधी पुन्हा उकळली होती जी!” उकळली असेलही. पण त्याच्या बोटाला पिकलेली जखम होती. तिथे सापडणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस अन्नातच विष सोडून ठेवतो. उकळल्याने जंतू मरतो, ते विष टिकतं.

राहिला तो ‘एक लाख’. एका मिलिलीटर लघवीत एवढे जंतू वाढले आणि त्रासही असला, तर आम्ही संसर्ग धरतो. मात्र बाटली मे महिन्यात स्कूटीच्या डिकीत दोन तास राहिली तर हा आकडा फुगतो, कारण उबेत ई. कोलाय वीसेक मिनिटांत दुप्पट होतो. कल्चर पुन्हा करायची वेळ आली तर बाटली थेट लॅबमध्ये न्या, नाहीतर घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवा. आणि गोळ्या सुरू असूनही दोन दिवसांत ताप उतरला नाही, किंवा मध्येच कंबरेच्या वर बाजूला दुखलं, उलट्या झाल्या, त्या बरळायला लागल्या, तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा.