मल्चिंगचा मायक्रॉन ओळखायचा कसा?

प्रश्न: मिरचीसाठी मल्चिंग पेपर (वाफ्यावर अंथरायचा प्लास्टिकचा कागद) आणला, दुकानदार ३० मायक्रॉन म्हणाला पण हाताला पातळ लागतोय. घरातल्या पट्टीवर मिलीमीटरच्या खाली काहीच नाही. हा मायक्रॉन असतो तरी केवढा आणि घरी मोजायचा कसा?
– एक वाचक, भोकरदन (जि. जालना)

उत्तर: भाऊ, तो पट्टीवर दिसणारच नाही. पट्टीवरच्या दोन बारीक रेघांमधली जागा १ मिलीमीटर, तिचे हजार भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे १ मायक्रॉन. आपल्याकडं मिस्त्री "एक सूत कमी घे" म्हणतो ना, ते सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३ मिलीमीटरच्या जरा वर, त्या एका सुतात ३१७५ मायक्रॉन बसतात बघा! डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे तुमचा पेपर केसाच्या निम्म्याहून पातळ. शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद अर्धा मिलीमीटर, तो बोटाला लगेच कळतो, पण २५ अन् ३० मधला फरक हातानं सांगणं अवघडच. घड्या घालून मोजायला गेलात तर मधी हवा राहते अन् आकडा फुगतो.

त्यापेक्षा रोल सरळ वजनकाट्यावर ठेवा. १ चौरस मीटर पेपर १ मायक्रॉन जाड असला तर त्यात बरोबर १ घनसेंटिमीटर प्लास्टिक असतं, त्याचं वजन साधारण ०.९२ ग्रॅम. आता रोल ४ फुटी म्हणजे १.२ मीटर रुंद अन् ४०० मीटर लांब असेल तर झाले ४८० चौरस मीटर, त्याला ३० नं आणि ०.९२ नं गुणलं की सव्वातेरा किलो येतात, आणि २५ मायक्रॉन असेल तर ११ किलो. सव्वादोन किलोचा फरक कोणताही काटा दाखवतो. आतली पुठ्ठ्याची नळी तेवढी वजा करा. चंदेरी-काळ्या पेपरात रंगामुळं वजन थोडं जास्तच भरतं, तरीपण तुमचा रोल ११ किलोच भरला तर एकतर जाडी कमी आहे नाहीतर लांबी कमी आहे, दोन्हीत नुकसान तुमचंच.

हे सगळं पेपर अंथरायच्या आधी करा, आणि काट्यावरच्या आकड्याचा फोटो बिलासोबत घेऊन मगच दुकानात जा.