वीरगळ, समाधी की नुसता गोटा?

प्रश्न असा आलाय की गावच्या जुन्या मसणवट्यात बिननावाचे उभे दगड आहेत, कोणाचे ते आता कोणालाच सांगता येत नाही, तर त्यांना वीरगळ म्हणायचं का?

माझ्या मते नाही. आजकाल कुठलाही जुना दगड दिसला की फोटो काढून खाली 'वीरगळ' लिहायची फॅशनच झालीये. वीरगळ म्हणजे लढाईत मेलेल्या वीराच्या आठवणीचा दगड, त्यावर कोरीवकाम असतं, खालच्या कप्प्यात लढाई नाहीतर मेलेला वीर, मग त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा आणि चंद्र-सूर्य. आणि यातला 'गळ' मासे धरायचा नाही बरं का, कन्नडमध्ये कल्लु म्हणजे दगड, वीरकल्लुचं वीरगळ झालं. गंमत म्हणजे आपल्या गडचिरोलीकडच्या गोंडीतही दगडाला 'कल'च म्हणतात.

'समाधी' पुस्तकात साधुसंतांची, पण आपल्याकडे खेड्यात चार विटांचा चबुतरा बांधला की कोणाचीही समाधी होते, आणि ते चूक आहे असं मला वाटत नाही. 'थडगं' मात्र घरच्या माणसाबद्दल कोणी म्हणत नाही, कानाला तुटक लागतं. तसं पाहिलं तर जाळणारे लोकही 'मातीला गेलो होतो' असंच म्हणतात.

बिननावाच्या दगडांचा आणखी एक प्रकार म्हणजे नागपूरजवळ जुनापाणीला 300 च्या आसपास दगडी वर्तुळं आहेत, लोहयुगातली दफनं, मोठमोठ्या धोंड्यांचा गोल आणि आत मातीगोट्यांचा ढीग, काही धोंड्यांवर वाटीसारखे खळगे. त्यांना 'शिळावर्तुळ' म्हणतात, पण हा अभ्यासकांनी बनवलेला शब्द, बोलण्यात कोणी वापरत नाही.

आमच्याकडचा शब्द विचाराल तर गोटा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आजी घरी पितरांची घागर भरून झाली की तांब्या घेऊन धुऱ्यावरच्या (शेताच्या बांधावरच्या) एका शेंदूर नसलेल्या, अर्ध्या जमिनीत गेलेल्या दगडावर पाणी घालायची, त्याला म्हणायची 'बुढ्याचा गोटा'. कोणता बुढा विचारलं तर म्हणे, "मले का मालूम, आपलाच कोणी असन." मग पदरानं दगड पुसायची.

तर तुमच्या दगडावर आधी चंद्र-सूर्य दिसतात का बघा, सकाळच्या तिरप्या उन्हात झिजलेलं कोरीवही दिसतं. दगडावरचा चुना-बिना खरडू नका. काहीच नाही दिसलं तर गावातल्या एखाद्या बुढीला विचारा ती त्याला काय म्हणते, आणि तेच लिहा.