फर्लांग म्हणजे नेमके किती?

प्रश्न : जुन्या कागदपत्रांत आणि वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात ‘आमचे गाव सडकेपासून तीन फर्लांगांवर आहे’ असा उल्लेख येतो. फर्लांग म्हणजे किती अंतर, हा शब्द आला कोठून, आणि त्यातील ‘लांग’चा आपल्या ‘लांब’शी काही संबंध आहे का?

उत्तर : फर्लांग म्हणजे मैलाचा आठवा भाग, अर्थात २२० यार्ड किंवा ६६० फूट, मीटरमध्ये सांगायचे तर २०१ मीटरांहून किंचित अधिक. म्हणजे आपले गाव सडकेपासून सुमारे सहाशे मीटरांवर आहे.

जुन्या इंग्रजीतील ‘फुर्ह’ म्हणजे नांगराचे तास आणि ‘लांग’ म्हणजे लांब, या दोहोंच्या जोडणीतून हा शब्द तयार झाला. ‘लांब’शी त्याचे दिसणारे साम्य योगायोगाचे आहे, आपला शब्द संस्कृत ‘लम्ब’वरून आलेला आहे.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये गावाची शेतजमीन अरुंद व लांबच लांब पट्ट्यांत वाटलेली असे. जड नांगराला बैलांच्या अनेक जोड्या जुंपाव्या लागत आणि एवढे मोठे औत तासाच्या टोकाशी वळवणे हे जिकिरीचे काम असल्यामुळे, शक्य तितक्या कमी वेळा वळावे लागेल अशीच पट्ट्यांची आखणी सोयीची ठरत असे. अशा पट्ट्यातील एका तासाची लांबी म्हणजे फर्लांग. बैल एका दमात ओढतील तेवढे हे अंतर, असेही परंपरेने सांगितले जाते. मात्र जमिनीचा मगदूर आणि शेताची ठेवण यांनुसार ते प्रारंभी ठिकठिकाणी वेगवेगळे असे.

एक फर्लांग लांब आणि ६६ फूट रुंद पट्टा म्हणजे एक एकर. आपला गुंठा ३३ फूट लांब-रुंद असल्यामुळे या पट्ट्यात लांबीला वीस व रुंदीला दोन, असे बरोबर चाळीस गुंठे बसतात. सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर आले, तरी व्यवहारात एकर-गुंठे सोडायला आपण तयार नाही, हा भाग वेगळा.

मैलाशी या मापाची सांगड पुढे घातली गेली. रोमन मैल पाच हजार फुटांचा होता. परंतु जमिनीचे दस्तऐवज फर्लांग व एकर यांना बांधलेले असल्यामुळे फर्लांग आखूड करण्यापेक्षा मैलच वाढवणे सोयीचे होते. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीत, १५९३ साली, लंडनच्या तीन मैलांच्या परिसरातील नव्या बांधकामांवर निर्बंध घालणारा कायदा झाला आणि तो लागू करण्यासाठी मैलाची व्याख्या आठ फर्लांग, म्हणजे ५२८० फूट, अशी करण्यात आली. आज जगभर चालणारा मैल तो हाच.

ब्रिटिश अमदानीत हे माप आपल्याकडे आले आणि रस्त्यांच्या कडेला दोन मैलांच्या दगडांमध्ये फर्लांगाचे छोटे दगड दिसू लागले. १९५६च्या वजनमापांच्या कायद्याने दशमान पद्धती आली व फर्लांग सरकारी व्यवहारातून गेला. भारतातील घोड्यांच्या शर्यतीही आता मीटरमध्येच मोजल्या जातात. इंग्लंडमधील शर्यतींची अंतरे मात्र अजून मैल, फर्लांग व यार्ड यांतच सांगितली जातात.