फॅन म्हणजे पंखा की चाहता? इंग्रजीत हा शब्द नेमका किती अर्थांनी वापरतात?

तुमचा गोंधळ होतोय कारण पंखा आणि चाहता हे एकाच शब्दाचे दोन अर्थ धरलेत. ते दोन वेगळेच शब्द आहेत, स्पेलिंग तेवढं सारखं झालंय. चांगल्या डिक्शनरीत बघा, फॅनच्या दोन वेगळ्या नोंदी दिसतील.

पंख्यावाला फॅन खूप जुना. तो लॅटिनमधल्या 'वन्नुस' वरून आला आणि वन्नुस म्हणजे धान्य उफणायचं साधन, म्हणजे हा शब्द मुळात खळ्यावरचा. आमच्या जळगावकडे दादर, म्हणजे रब्बी ज्वारी, निघाली की आबा उंचावर उभं राहून पाटीतून धान्य हळूहळू सोडायचे, दाणा सरळ खाली अन् फोल वाऱ्यासोबत लांब जाऊन पडायचं, आणि वारं पडलं की मग उफणणी पंखा काढायचा, एकानं दांडा फिरवायचा, दुसऱ्यानं ओतायचं. ज्यानं हे बघितलंय त्याला हा अर्थ वेगळा समजवावा लागत नाही.

मग हातपंखा, सीलिंग फॅन, एक्झॉस्ट, कूलरमधला, लॅपटॉपमधला, सगळे त्याच शब्दाचे. विषय निघालाच आहे तर सांगतो, फॅन हवा थंड करत नाही, तो मुख्यतः घाम सुकवून गारवा देतो. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या आसपास गेला की नुसता फॅन गरम हवाच अंगावर फेकतो, जागतिक आरोग्य संघटनाही ४० अंशांच्या खाली असेल तरच फॅन वापरा म्हणते. घरात म्हातारी माणसं असतील तर ओला पंचा, पाणी, कूलर बघा, फॅनच्या भरवशावर राहू नका.

चाहता या अर्थाचा फॅन म्हणजे 'फॅनॅटिक' चं छोटं रूप, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत बेसबॉलच्या नादानं रुळलं. फॅन क्लब, फॅन फॉलोइंग हे तुम्हाला माहितीच असेल. पण 'आय अ‍ॅम नॉट अ फॅन ऑफ टी' असं कोणी म्हटलं तर तिथं 'चाहता' असं शब्दशः घ्यायचं नाही, 'मला चहा फारसा आवडत नाही' हे सभ्यपणे सांगितलंय एवढंच.

क्रियापद पण आहे, वारा घालणे. आणि 'फॅन आउट' म्हणजे एका जागेवरून चहूकडे पसरणे, पोलीस शोध घ्यायला पसरतात तसं.

यातूनच भूगोलातला 'अ‍ॅल्युव्हियल फॅन', आपल्या पुस्तकातलं पंखाकृती मैदान. नदी डोंगरातून एकदम सपाटीवर उतरली की तिचा जोर कमी होतो, दगडगोटे अन् वाळू तिथंच टाकते, पात्र इकडून तिकडं सरकत राहतं आणि गाळ पंख्यासारखा पसरतो. सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा, यावल, रावेरकडे असे शेजारशेजारचे पंखे एकमेकांत मिसळून लांबच लांब पट्टा झालाय, त्याला बझाडा म्हणतात. खाली जाडी रेती अन् गोटे, त्यामुळे पाणी झपाट्यानं खोल मुरतं. तापी मेगा रिचार्ज योजना याच पट्ट्यात पाणी जिरवायसाठी आखलीय, आणि केळीच्या बोअर दरवर्षी खोल खोल चालल्यात ते बघता हे काम लवकर व्हायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.