हरण्या दिसला तर पंचनाम्यासाठी थांबू नका

भाऊ, जुलैत लावलेल्या टिश्यूकल्चरच्या (लॅबमध्ये वाढवलेल्या रोपांच्या) केळीच्या कोवळ्या पानांवर पिवळे पट्टे आलेत, पोंगा (मधली गुंडाळलेली कोवळी पानं) सडतोय, आणि तुम्ही विचारताय कोणतं औषध मारू. वर्णनावरून हा हरण्याच वाटतो, म्हणजे सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) या विषाणूचा रोग. खात्री तपासणीनेच होईल, मी शास्त्रज्ञ नाही. पण आमच्या बागेत हेच झालं होतं.

सुरुवातीला बांधालगतचीच झाडं पिवळी होती. उपटायला निघालो, तर एका कार्यालयातून सांगितलं, "पंचनाम्याआधी हात लावाल तर मदत मिळणार नाही." माणूस येईपर्यंत ढगाळ हवा, भुरभुर पाऊस चालूच राहिला आणि मधल्या ओळीही गेल्या. वर विम्याचं उत्तर आलं, की भरपाई हवामान केंद्राच्या तापमान-वाऱ्याच्या आकड्यांवर ठरते, रोग त्यात बसत नाही. रोग हवामानानेच वाढवला ना! तो राग अजून गेलेला नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: तारीख-ठिकाणासह फोटो काढा, लेखी अर्ज द्या आणि त्याच दिवशी झाड मुळासकट काढून बागेबाहेर गाडा. मदतीचे नियम बदलतात, ते तुमचे तुम्ही विचारून घ्या, पण झाड उभं ठेवू नका.

फवारणीवर फार भिस्त ठेवू नका. हा विषाणू मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड पसरवते, कपाशीवरचा मावासुद्धा. तो केळीवर वस्ती करत नाही, सोंड खुपसून बघतो आणि उडतो. तेवढ्या काही सेकंदांत लागण होते, औषधाने तो मरतो त्यानंतर. खरी गोम भोवताली आहे: काकडी, गिलके, भोपळा, टोमॅटो, मिरची, तण. हजाराहून जास्त जातींच्या वनस्पतींत हा विषाणू राहतो.

पूर्वी मृगबागेला (जून-जुलैच्या लागवडीला) लागून पाऊस झोडपायचा, मावा धुऊन जायचा. आता लांब उघडीप, मग ढगाळ दमट दिवस, म्हणजे माव्याची चंगळ. मादी नराशिवाय जिवंत पिल्लं घालते, उबदार हवेत पिढी आठवड्याभरात तयार होते. हिवाळा सौम्य गेला की फरदड कपाशीवर (वेचणी संपल्यावरही शेतात उभी ठेवलेल्या) आणि बांधावरच्या तणांवर मावा आणि विषाणू दोन्ही तग धरतात. फरदड ठेवणाऱ्या शेजाऱ्याशी एकदा बोलाच, भांडण झालं तरी चालेल.

मिरचीचा बोकड्या, म्हणजे पानं मुरडणारा विषाणू रोग, वेगळा. तो पांढरी माशी पसरवते आणि विषाणू तिच्यात आयुष्यभर टिकतो, त्यामुळे तिथे माशीचं नियंत्रण उपयोगी पडतं. इथे नाही.

पुढच्या वेळी रोपं विषाणू-तपासणीचा दाखला असलेल्या लॅबचीच घ्या, आणि केळीत काकडीवर्गीय आंतरपीक नको.