शंका-समाधान : जावात काढलेला राजवाडा का पुसला जातो?

प्रश्न : मी बी.सी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. जावा या प्रोग्रामिंग भाषेचा सराव म्हणून आपल्या इंदूरच्या राजवाड्याची दर्शनी बाजू रेषांनी आणि चौकटींनी काढायला घेतली. बटण दाबले की चित्र उमटते, पण विंडो कोपऱ्याला धरून मोठी केली की सगळे नाहीसे होते. शिवाय दगडी मजले वर आणि लाकडी मजले खाली गेले आहेत, आणि दरवाजाची कमान उजवीकडे सरकून जमिनीत रुतली आहे. प्रोग्राम सोबत जोडला आहे. — एक विद्यार्थिनी, इंदूर

उत्तर : आपल्या तीन अडचणींपैकी शेवटच्या दोन निव्वळ हिशेबाच्या आहेत. पहिली मात्र नीट समजून घ्यायला हवी, कारण स्विंगमधील (जावात विंडो, बटणे वगैरे बनवण्याच्या साधनसंचातील) सारे चित्रकाम तिच्यावर उभे आहे.

आपण बटणाच्या मेथडमध्ये (बटण दाबल्यावर चालणाऱ्या आज्ञांच्या गटात) गेटग्राफिक्स वापरून पॅनलवर, म्हणजे विंडोतील चित्राच्या जागेवर, तिथल्या तिथे रेषा ओढल्या आहेत. त्या पडद्यावर दिसल्या खऱ्या, पण पॅनलने त्यांची कुठेही नोंद ठेवलेली नाही. विंडोचा आकार बदलला की स्विंग पॅनल नव्याने रंगवते आणि त्यासाठी पॅनलची पेंटकंपोनंट ही मेथड स्वतःहून बोलावते. आपण ती लिहिलेलीच नसल्यामुळे कोरी पार्श्वभूमी तेवढी उरते. म्हणजे चित्र केव्हा काढायचे हे स्विंग ठरवते, आपण फक्त ते कसे काढायचे हे सांगून ठेवायचे असते.

त्यासाठी जेपॅनल या स्विंगच्या तयार पॅनलला एक्स्टेंड करणारा, म्हणजे त्याच्यावर आधारित, क्लास लिहावा आणि रेखाटनाच्या सर्व आज्ञा त्याच्या पेंटकंपोनंटमध्ये हलवाव्यात. त्या मेथडची पहिली ओळ सुपरच्या (मूळ जेपॅनलच्या) पेंटकंपोनंटला बोलावणारी असावी, नाहीतर आधीच्या चित्राचे अवशेष मागे राहू शकतात. बटणाच्या मेथडमध्ये मग दोनच ओळी उरतात : ‘चित्र दाखवायचे’ अशा अर्थाचे एक बूलियन (खरे किंवा खोटे एवढेच साठवणारे) व्हेरिएबल खरे करणे आणि रिपेंट बोलावणे. रिपेंट स्वतः काही काढत नाही. ते केवळ विनंती नोंदवते, आणि लागोपाठ आलेल्या अनेक विनंत्या स्विंग एकत्र करूनही टाकते. पेंटकंपोनंटच्या डोक्यावर ओव्हरराइडची खूण अवश्य लिहावी, कारण नावातले एखादे कॅपिटल अक्षर चुकले तर जावा ती वेगळीच मेथड समजते, कोणतीही चूक दाखवत नाही, आणि पॅनल कोरे का हे शोधण्यात संध्याकाळ जाते. खूण असेल तर कंपायलर लगेच अडवतो.

आता उलट्या मजल्यांविषयी. शाळेतील आलेखात वाय वर चढतो; जावात मात्र शून्य बिंदू पॅनलच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात असतो आणि वाय खाली वाढतो. आपल्या लूपमध्ये प्रत्येक मजल्यागणिक वाय वाढत असल्यामुळे तळमजला सर्वांत वर गेला. जमीन ५५० वर धरावी, मजल्याची उंची ५० ठेवावी आणि लूपमधील मजल्याचा क्रमांक आय हा ० ते ६ फिरवून वायची किंमत ५५० − (आय + १) × ५० अशी काढावी. तळमजल्याची वरची कड त्यामुळे ५०० वर आणि सातव्या मजल्याची २०० वर येते. राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी आहेत, तेव्हा आय ३ पेक्षा लहान असताना एक रंग आणि एरवी दुसरा, एवढी अट पुरेशी आहे.

कमानीसाठी आपण फिलआर्कला केंद्रबिंदू दिला आहे. त्याला, ड्रॉओव्हलप्रमाणेच, आकृती ज्या चौकटीत बसते त्या चौकटीचा डावा वरचा कोपरा हवा असतो. मध्य २०० वर आणि रुंदी ६० असेल तर एक्स १७० द्यावा. वाय ५०५, रुंदी व उंची ६०, सुरुवातीचा कोन ० आणि विस्तार १८० दिला की वरचे अर्धवर्तुळ मिळते. त्याखाली, वाय ५३५ पासून, १५ उंचीचा आयत भरला की दरवाजा जमिनीला टेकतो. वाय उलटा असला तरी कोन मात्र शाळेतल्यासारखेच उजव्या हाताच्या आडव्या रेषेपासून घड्याळाच्या विरुद्ध दिशेने मोजले जातात. ही विसंगती आहे खरी, पण ती पाठच करावी लागते.

आणखी एक गोष्ट प्रोग्राममध्ये दिसली. ‘इंदूर’ ही अक्षरे आपण ड्रॉस्ट्रिंगने (०, ०) वर लिहिली आहेत. तिथला वाय हा अक्षरांच्या तळरेषेचा असतो, त्यामुळे शब्द पॅनलच्या वर निघून जातो आणि फार तर ऊकाराची शेपटी डोकावते. वाय ३० करून पाहावा.

प्रश्न : मुलीला घरी असलेल्या जुन्या पुस्तकातून जावाचे ग्राफिक्स शिकवू का? त्यात सर्व उदाहरणे ॲप्लेटची आहेत. — एक पालक, रामबाग, इंदूर

उत्तर : ॲप्लेट, म्हणजे वेबपानात चालणारे छोटे जावा प्रोग्राम, शिकवू नयेत. २०१७ मध्ये जावा ९ ने ते कालबाह्य ठरवले आणि पुढच्या वर्षी जावा ११ मधून ते चालवून पाहण्याचा ॲप्लेटव्ह्यूअरही काढून टाकला. मात्र रेषा, आयत, वर्तुळे आणि रंग यांच्या आज्ञा आजही त्याच आहेत, म्हणून आकृत्यांचे प्रकरण खुशाल वापरावे. ॲप्लेटऐवजी जेपॅनल एक्स्टेंड करावे, पेंटच्या जागी पेंटकंपोनंट लिहावे, इनिटमधील मजकूर कन्स्ट्रक्टरमध्ये न्यावा आणि मेन मेथडमध्ये जेफ्रेम (विंडो) तयार करून त्यात ते पॅनल बसवावे.