माळ्यावरची पॉलिसी आणि न सांगितलेलं लग्न

‘नवऱ्याचं आधी एक लग्न झालं होतं, हे मला आत्ता कळलं. आता त्याच्या कुठल्या शब्दावर विश्वास ठेवू?’ हा प्रश्न समुपदेशनात वरचेवर येतो. त्यातलीच ही एक गोष्ट, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेली.

लग्न 2019 चं. माळ्यावरची बॅग काढताना तिच्या हाती नवऱ्याची 2014 ची विमा पॉलिसी लागली. नॉमिनीच्या रकान्यात एका अनोळखी बाईचं नाव; नातं, पत्नी. ती काहीच बोलली नाही. तीन आठवडे गुपचूप त्याचा फोन तपासत राहिली. आली तेव्हा पर्समध्ये वही होती: तो ऑनलाइन कधी होता, कुणाशी किती मिनिटं बोलला. पानं भरलेली, उत्तर एकाही प्रश्नाचं नाही. पाळतीने संशय तेवढा वाढतो, आणि उघडकीला आलीच तर भांडण ‘माझा फोन का बघितलास’वर घसरतं.

‘का लपवलंस?’ने सुरुवात केली की समोरचा स्वतःची वकिली करू लागतो. आधी एवढंच विचारायचं: लग्न झालं होतं का, कायद्याने कधी संपलं, मूल आहे का, पोटगी चालू आहे का. सासूला, नणंदेला आधी विचारू नये. तो तुकड्यातुकड्याने सांगू लागला, तर दोन दिवस देऊन सगळं कागदावर लिहायला सांगावं. दर आठवड्याला बाहेर येणारा नवा तुकडा मूळ लपवालपवीपेक्षा जास्त घाव घालतो. मारहाणीची भीती असेल तर एकटीने विचारूच नका. 181 ही महिला हेल्पलाइन आहे.

मग कागद. कोर्टाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल मागायची आणि तारीख बघायची. नोटरी केलेली स्टॅम्पपेपरवरची सोडचिठ्ठी ‘घटस्फोटाचे पेपर’ म्हणून दाखवली जाते. हिंदू विवाह कायद्यात, जातीची रूढी सिद्ध होत असेल तर गोष्ट वेगळी, एरवी अशा सोडचिठ्ठीने लग्न मोडत नाही. संमतीच्या घटस्फोटातही नुसता पहिला अर्ज पुरत नाही. हुकूमनाम्याची तारीख तुमच्या लग्नानंतरची निघाली, तर तुमचं लग्नच मुळात रद्दबातल. आधीची असली, तरी महत्त्वाची गोष्ट लपवून संमती घेतली म्हणून लग्न रद्द करून मागता येतं. मात्र फसवणूक कळल्यापासून 1 वर्षाच्या आत, आणि कळल्यावर राजीखुशीने संसार चालू ठेवला नसेल तरच. म्हणून नांदायचं असलं तरी वकिलाला लवकर भेटावं.

तिसऱ्या भेटीत तो नक्कल घेऊन आला. 2016 ची. तिने तारीख दोनदा वाचली आणि पॉलिसी पुढे सरकवली. ‘मग हे नाव अजून इथे कसं?’ ‘बदलायचं राहून गेलं,’ तो म्हणाला. नॉमिनी बदलायला एक साधा फॉर्म पुरतो. पुढच्या वेळी तो भरून आणायचं ठरलं. ‘राहून गेलं’ हे मात्र तिला अजून पटलेलं नाही.